दात दुखत होता आणि सगळे म्हणत होते, ‘यांचं असंच असतं’

माझा धाकटा भाऊ बाबू ३४ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे बुद्धीची वाढ मंद ठेवणारी जन्मजात अवस्था. बोलतो थोडं, समजतं मात्र पुष्कळ. आई २०२१ मध्ये गेली. तेव्हापासून तो, वडील आणि मी असे तिघे जुळे सोलापुरात राहतो. मी गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये हिशेब बघते. २०२४ चं जवळजवळ सगळं वर्ष बाबूच्या दाढांपायी दवाखाने आणि कचेऱ्या करण्यात गेलं. ते क्रमाने लिहून ठेवते आहे. घरात असं मोठं झालेलं लेकरू असलेल्यांना कुठून सुरुवात करायची ते कळावं, एवढंच. लहान मुलांसाठी थोडीफार माहिती मिळते, शाळा सांगतात, अंगणवाडीतून पाठवतात. तिशी ओलांडलेल्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरली. सोलापुरात हिला गड्डा म्हणतात, आणि तो म्हणजे बाबूचा जीव की प्राण. नंदीध्वज म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या बघायच्या, पाळण्यात बसायचं, येताना शिट्टी घ्यायची, हे ठरलेलं. त्या वर्षी तो चप्पल घालायलाच तयार होईना. पलंगावर तोंड फिरवून पडून राहिला. त्याच आठवड्यात लक्षात आलं की तो कडक भाकरी बाजूला सारतोय. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे त्याचं रोजचं खाणं, कुडुमकुडुम आवाज करत खायचा. आता आमटीत भिजवून मऊ केली तरच खायला लागला, तेही डाव्या बाजूने. रात्री उठून बसायचा. आणि मग उजव्या गालावर स्वतःच चापट मारून घ्यायला लागला. हात धरला की ओरडायचा.

आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. गोळीने रात्र शांत गेली, पण दिवसा तो गुंगीत आणि गालावर मारणं चालूच. फेब्रुवारीत एका मोठ्या खासगी दवाखान्यातल्या तज्ज्ञांना दाखवलं. सहाशे रुपये फी. त्यांनी बाबूला हात लावला नाही, तोंड उघडायला सांगितलं नाही. खुर्चीतूनच म्हणाले, “यांचं असंच असतं हो. वय वाढलं की हट्टीपणा वाढतो.” आणि शांत ठेवणारी आणखी एक गोळी दिली. वडील काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, “आक्का, हा हट्टी कधीच नव्हता गं.”

त्यांचं ते वाक्य माझ्या मनात बसलं. बाबू हट्टी नव्हता, मग एकाएकी का होईल? ज्याला ‘इथे दुखतंय’ म्हणता येत नाही, तो ते वागण्यातून सांगतो. डोकं आपटतो, जेवण सोडतो, मारतो, चावतो, गप्प होतो. डॉक्टरांच्या नजरेला आधी अपंगत्व दिसतं आणि मग सगळंच त्याच्या खात्यावर जमा होतं. म्हणून मी आता प्रत्येकाला हेच सांगते: स्वभाव अचानक बदलला की आधी दुखणं शोधा. दात, कान, पोट साफ होतं का, लघवीला जळजळ होते का, थायरॉइड. हे सगळं तपासून झाल्यावर मग मनाच्या गोळ्यांचा विचार. तसं डॉक्टरांना स्पष्ट म्हणायचं, “आधी अंगाची तपासणी करा, नंतर गोळी लिहा.” असं म्हणायला आम्हाला दोन महिने लागले, कारण डॉक्टरांपुढे असं बोलायची घरात कोणालाच सवय नव्हती.

रस्ता दाखवला तो बाबूच्या जुन्या विशेष शाळेतल्या बाईंनी. मार्चच्या सुरुवातीला त्या नव्या पेठेत भेटल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तोंडात बॅटरी मारून बघितलं का?” त्या रात्री मोबाइलच्या उजेडात आम्ही ‘कोणाची जीभ मोठी’ असा खेळ केला. आधी वडिलांचं तोंड, मग माझं, मग त्याचं. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा काळ्या पडलेल्या, एकीत खड्डा, भोवतीची हिरडी सुजलेली. वडील तिथेच खाली बसले.

दाढ दिसली म्हणजे काम झालं असं वाटलं होतं. पण दाताच्या दवाखान्यांचा वेगळाच अनुभव आला. एका ठिकाणी बाबू खुर्चीत बसेना, उठून दाराकडे गेला. डॉक्टर म्हणाले, “पेशंट सहकार्य करत नाही, पूर्ण भूल देऊन करावं लागेल, आमच्याकडे सोय नाही.” कुठे सोय आहे ते मात्र सांगितलं नाही. दुसरीकडे सोय होती, पण सहीचा प्रश्न निघाला. “हे ३४ वर्षांचे आहेत. यांना संमती कळत नाही, तर सही कोणाची? तुम्ही कायदेशीर पालक आहात का?” तोवर मला वाटत होतं, बाप आहे म्हणजे पालक आहेच. कायद्याने १८ वर्षांपर्यंतच आईवडील नैसर्गिक पालक असतात. त्यानंतर मूल बौद्धिकदृष्ट्या अक्षम असलं तरी पालकत्व रीतसर मागून घ्यावं लागतं. हे आम्हाला १६ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी एक कागद तयार केला. पुढे तो सगळ्यात जास्त उपयोगी पडला. एका पानावर, मोठ्या अक्षरात, बाबूच्या तोंडचं वाटावं असं लिहिलं:

“माझं नाव बाबू. मला डाउन सिंड्रोम आहे. मला छोटी वाक्यं कळतात. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मी उत्तर देईपर्यंत थांबा. मला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही. दुखलं की मी गालावर मारतो किंवा जेवत नाही. सुई दिसली की मी पळतो. पांढरा कोट चालतो, पण मागून हात लावलेला चालत नाही. आधी आक्काला करून दाखवा, मग मला करा. मला टाळ्या आवडतात. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते मागच्या बाजूला लिहिलंय. माझ्याशी बोला, फक्त आक्काशी नको.”

वरती फोटो लावला. पाच झेरॉक्स काढल्या. प्रत्येक ठिकाणी आत जायच्या आधी हा कागद डॉक्टरांच्या टेबलावर पोचवायचा, बाबू समोर आल्यावर नाही. तो उभा असताना त्याच्याबद्दल बोललेलं त्याला कळतं आणि तो बिथरतो.

होटगी रोडकडच्या एका दंतवैद्य बाईंनी तो कागद पूर्ण वाचला. त्या आठवड्यातून एक दिवस शस्त्रक्रियागृह असलेल्या दवाखान्यात भूलतज्ज्ञांबरोबर काम करतात. पहिल्या भेटीत त्यांनी काहीच केलं नाही. खुर्ची खालीवर करायचं बटण बाबूला दाबू दिलं. त्याने खुर्ची चार वेळा वर नेली, चार वेळा खाली आणली आणि शेवटी स्वतःच बसला. त्यांनी आरसा त्याच्या हातात दिला. दुसऱ्या भेटीत तोंड उघडलं. तेव्हा कळलं की दोन दाढा काढाव्या लागतील, चार दातांत भरायचंय आणि सगळीकडे कीटण आहे. सूज उतरण्यासाठी प्रतिजैविक आणि वेदनाशामक दिलं. तिसऱ्या दिवसापासून गालावर मारणं थांबलं. झोपेची आणि शांत ठेवणारी अशा दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू बंद केल्या.

भूल द्यायच्या आधी तपासण्या लागणार होत्या. रक्त, ईसीजी, हृदयाची इको (म्हणजे सोनोग्राफी) आणि मानेचा एक्स-रे. मानेचा कशाला, असं मी विचारलं. भूलतज्ज्ञांनी नीट समजावलं: डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल असू शकतात. भूल देताना मान मागे वळवावी लागते, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. हे तुमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही आठवण करून द्या. हृदयाचंही तसंच, कारण डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो. बाबूची इको चांगली आली.

रक्त काढणं हा आमचा मोठा धसका होता. पूर्वी त्यासाठी चार माणसं त्याला धरायची, आणि ते आठवून तो पॅथॉलॉजीच्या पाटीपाशीच थांबायचा. दंतवैद्य बाईंनी बधिर करणारं मलम लिहून दिलं. ते सुईच्या तासभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून वरून चिकटपट्टी लावायची. ते लावून नेलं आणि माझ्या हाताला सुई टोचायचं नाटक आधी केलं. त्याने मान वळवून हात पुढे केला. कोणी धरावं लागलं नाही. हे मलम औषधाच्या दुकानात मिळतं आणि असं काही असतं हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तपासण्यांना सगळे मिळून सव्वापाच हजार रुपये लागले. आणि त्यात नवीनच निघालं. रक्तातला टीएसएच बराच वाढलेला, म्हणजे थायरॉइड मंद. त्याची सुस्ती, कोरडी कातडी, वाढलेलं वजन, बद्धकोष्ठ, सगळ्याला आम्ही ‘बसून असतो म्हणून’ म्हणत होतो, आणि डॉक्टरही तेच म्हणायचे. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंद असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त असतं, म्हणून काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा ही तपासणी करायची असते. भूलतज्ज्ञांनी सांगितलं, गोळी सुरू करा, सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघू, मगच भूल. सकाळी उपाशीपोटी गोळी, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. बाबूला उठल्या उठल्या चहा लागतो. म्हणून गोळीची वेळ पहाटे पाचची ठेवली. वडील तसेही त्या वेळी उठतात, त्यातून पाण्याचा दिवस असला तर सगळं घरच जागं असतं.

ते सहा आठवडे आम्ही कागदांमागे लावले. एप्रिलचं ऊन होतं, दुपारी बारानंतर बाबूला बाहेर काढणं शक्य नव्हतं. सगळी कामं सकाळी.

पहिलं काम दिव्यांग प्रमाणपत्राचं. बाबूचं जुनं प्रमाणपत्र १९९९ चं, हाताने लिहिलेलं, शिक्का पुसट झालेला. आता ते चालत नाही. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढावं लागतं. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र या पोर्टलवरूनच देणं बंधनकारक झालं आहे. अर्जाला शुल्क नाही. आम्ही मोबाइलवरून भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुनं प्रमाणपत्र अपलोड करायचं आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. अर्जाचा क्रमांक मिळतो, तो घेऊन रुग्णालयात जायचं. बौद्धिक अक्षमतेच्या तपासणीचा वार ठरलेला असतो आणि तो बदलतोही, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या.

आम्ही सिव्हिलला गेलो. गर्दी होतीच. मी आधीच्या रात्री २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचून ठेवला होता. त्याच्या कलम २५ मध्ये दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारात प्राधान्य द्यावं असं लिहिलंय. त्याचं पान छापून नेलं होतं, पण काढावं लागलं नाही. तिथल्या मावशींना हळूच सांगितलं की याला गर्दीत बसवत नाही. त्यांनी आम्हाला कडेच्या रिकाम्या बाकावर बसवलं आणि नंबर आला की हाक मारली. तरी पान जवळ ठेवाच. आणि मागताना कायद्याच्या आधी कारण सांगा: ‘गोंगाटात हा घाबरतो, थोडं लवकर घ्याल का?’ समोरच्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळतं.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाबूकडून काही ठोकळे, काही चित्रं करून घेतली आणि मग आम्हाला रोजच्या जगण्याबद्दल विचारलं. स्वतः अंघोळ करतो का, बटणं लावतो का, एकटा रस्ता ओलांडतो का, पैसे कळतात का. वडील प्रत्येक प्रश्नाला “हो, येतं की त्याला” म्हणत होते. “दूध आणतो कोपऱ्यावरून, एकटा.” बाईंनी शांतपणे विचारलं, “किती पैसे परत आणायचे, ते त्याला कळतं का?” वडील थांबले. दुकानदार ओळखीचा आहे, पैसे तो महिन्याला आमच्याकडून घेतो. बरोबर पिशवी दिली की बाबू ती आणतो. “पैसे कळत नाहीत,” असं वडिलांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. ३४ वर्षं जगापुढे ‘माझ्या पोराला सगळं येतं’ म्हणणाऱ्या माणसाला ‘हे येत नाही’ असं एकेक करून परक्या टेबलावर सांगावं लागतं, हा या सगळ्यातला मला सर्वांत जड वाटलेला भाग. त्याची तयारी घरीच करून जा. मोठ्या माणसांना आधी समजावून सांगा की इथे खरं सांगितल्याने लेकराची किंमत कमी होत नाही.

प्रमाणपत्रावर मध्यम बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के, कायमस्वरूपी असं आलं. लहान मुलांचं ५, १० आणि १८ व्या वर्षी पुन्हा करावं लागतं, १८ नंतरचं आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्र पोर्टलवरून लवकर उतरवून घेता आलं. यूडीआयडीचं पिवळं कार्ड पोस्टाने ऑगस्टमध्ये आलं. कार्डासाठी थांबू नका, बाकीची कामं प्रमाणपत्राच्या छापील प्रतीवर सुरू होतात.

दुसरं काम निरामय विम्याचं. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि ‘हा आजार जुना आहे’ म्हणून नाकारत नाहीत. आपल्यासारख्या घरांना दुसरा कुठलाही विमा सहजी मिळत नाही, म्हणून हे फार महत्त्वाचं. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला नोंदणीचे ५०० रुपये, रेषेखालच्यांना २५०. आम्ही न्यासाकडे नोंद असलेल्या एका संस्थेमार्फत एप्रिलअखेर अर्ज भरला. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. एक लक्षात ठेवा: लाखाचे वेगवेगळे भाग पाडलेले आहेत. भरती, बाह्यरुग्ण, थेरपी, दात, प्रवास अशी प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. पैसे आधी आपण भरायचे आणि मूळ बिलं ३० दिवसांत पाठवायची. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी. ती भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आजाराचं नाव सांगून विचारायचं.

तिसरं पालकत्व. हे राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली होतं, कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही. जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ‘नमुना ए’ मध्ये अर्ज, प्रमाणपत्र, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, नातं दाखवणारे कागद, होणाऱ्या पालकाची संमती. वडील ७४ वर्षांचे, म्हणून माझं नाव घातलं आणि त्यांचं संमतिपत्र जोडलं. नोटरी, झेरॉक्स, फोटो मिळून हजाराच्या आत भागलं. तेव्हा लोकसभेची निवडणूक चालू होती, सोलापूरचं मतदान ७ मेला होतं, त्यामुळे बैठक त्यानंतरच होणार हे धरून चाललो. अर्जात ‘पालकत्व कशासाठी हवं’ हे नेमकं लिहा, कारण समिती दोन गोष्टी बघते: पालकाची गरज खरंच आहे का, आणि कोणत्या कामांसाठी आहे. मी वैद्यकीय निर्णय, बँकेचे व्यवहार आणि सरकारी योजनांचे अर्ज, एवढंच लिहिलं. बाबू काय खाईल, कुठला शर्ट घालेल, कोणाशी मैत्री करेल हे त्याचं त्यालाच ठरवू दे.

जूनमध्ये टीएसएच खाली आला. भुलीची तारीख मिळाली. पालकत्वाचा आदेश हातात नव्हता, पण या दवाखान्याने वडिलांची सही, प्रमाणपत्र आणि पालकत्वाच्या अर्जाची पोच घेऊन काम पुढे नेलं. भूलतज्ज्ञांनी एक जुना मास्क घरी सरावासाठी दिला. रोज संध्याकाळी बाबू तो आरशासमोर लावायचा, मग वडिलांना लावायचा, मग दहापर्यंत मोजायचा. त्याचे आकडे सहानंतर हवे तसे येतात, पण मास्क नाकावरून हलवायचा नाही हे पक्कं झालं.

दंतवैद्य बाईंनी मला विचारलं, “भूल एकदाच द्यायची आहे. त्यात आणखी काय उरकून घ्यायचंय?” हे मला कधी सुचलं नसतं. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ घट्ट बसतो, आणि बाबू कानाला हात लावू देत नाही. म्हणून कानाच्या डॉक्टरांना त्याच वेळी बोलावलं. मळ काढला, पडदे बघितले. वाढलेली, आत वळलेली पायाची नखं कापली. तुमच्याकडे कोणाला पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना हाच प्रश्न आधी विचारा.

तारीख शुक्रवारची होती. आम्ही यादीत पहिला नंबर मागून घेतला होता, म्हणजे उपाशी थांबणं कमी आणि वऱ्हांड्यात गर्दी कमी. सहा तास आधी खाणं बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. घरात कोणीच काही खाल्लं नाही, स्वयंपाकघराला कुलूप लावलं. आत जाताना मला झोप लागेपर्यंत सोबत थांबू दिलं, ही परवानगी आदल्या दिवशी मागून ठेवली होती. बाबूने मास्क स्वतःच्या हाताने लावला. “एक, दोन, तीन, चार...” पुढचा आकडा आला नाही.

दोन तासांनी बाहेर आणला. जाग येताना तो रडला, हातातली सुई ओढायला गेला. परिचारिकेने भिंतीवरचा माझा कागद वाचला होता. ती समोरून आली, आधी माझ्या हाताला पट्टी लावून दाखवली, मग त्याच्या. तो निवला. संध्याकाळी घरी सोडलं. दंतवैद्य, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि कानाचे डॉक्टर मिळून साडेएकोणचाळीस हजार रुपये. युनिटमधून उचल घेतली, उरलेले वडिलांच्या ठेवीतून. आठवडाभर मऊ भात, दही आणि शेजारच्या काकूंनी केलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर.

त्यानंतर भावात झालेला बदल बघून मला राग आला, तो अजून गेलेला नाही. तो हसायला लागला, टीव्हीपुढे नाचायला लागला, शौचाला नीट व्हायला लागलं. म्हणजे कित्येक महिने, कदाचित वर्षं, तो दुखणं आणि थकवा अंगावर काढत होता आणि शिकलेली माणसं त्याला स्वभाव म्हणत होती. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांना १४ व्या वर्षापासून दरवर्षी एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून घेता येते. तशी पद्धत आपल्याकडे येईल तेव्हा येईल, मी आमच्या नव्या फिजिशियनना विचारून बाबूपुरती सुरू केली आहे. वर्षातून एकदा वजन, रक्तदाब, साखर, टीएसएच, कान, डोळे, दात. ते सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी, गर्दीच्या आधी बोलावतात. ज्यांची मुलं १८ च्या आत आहेत, त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी जरूर करावी. त्यात डाउन सिंड्रोमही येतो आणि पुढचे उपचार मोफत होतात.

पालकत्वाच्या बैठकीला सप्टेंबरमध्ये बोलावलं. अधिकाऱ्यांनी आधी बाबूलाच विचारलं, “कोणाकडे राहतोस?” तो म्हणाला, “आक्का. आप्पा.” मग “दवाखान्यात कोण नेतं?” त्याने माझ्याकडे बोट केलं आणि गाल दाखवला. थोड्या दिवसांनी आदेश मिळाला. त्याच्या मूळ प्रतीला लॅमिनेशन करू नका, साक्षांकन करताना अडचण येते. रंगीत झेरॉक्स जवळ ठेवा. आदेशानंतर सहा महिन्यांत त्याच्या नावच्या मालमत्तेची आणि पैशांची यादी समितीला द्यावी लागते. बाबूच्या नावावर पोस्टातलं बचत खातं तेवढं आहे, ते लिहून दिलं.

निरामयचा दावा जुलैतच टाकला होता. एका बिलावर शिक्का नव्हता म्हणून परत विचारणा झाली, तो मारून आणून पुन्हा पाठवला. नोव्हेंबरात १७ हजार ४०० रुपये खात्यात आले. दातांची मर्यादा लहान असल्याने पूर्ण खर्च निघाला नाही, पण तपासण्या, औषधं आणि भरतीचा काही भाग सुटला. २०२५ च्या मार्चमध्ये नूतनीकरण केलं, त्याचे २५० रुपये. पालक म्हणून वर्षाचा हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून पोस्टाच्या पासबुकात नोंदी करून घेतल्या आहेत आणि थायरॉइडच्या गोळ्यांची बिलं त्याच फाइलमध्ये लावत जाते.